किल्ल्या कुणाच्या कमरेला?

दोन महिन्यांपूर्वी याच पानावर मॅस्टोडॉनबद्दल लिहिलं होतं. कुण्या एका कंपनीचं नसलेलं, ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या सर्व्हरवर चालवलेलं आणि तरी एकमेकांशी जोडलेलं समाजमाध्यम, असं त्याचं वर्णन केलं होतं. त्यावर पत्रं बरीच आली. त्यातली पाच थोडी छाटून इथे घेतली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत. का, ते पहिलं पत्र वाचलं की कळेल.

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकचे पक्षीवाले. रविवारी पहाटे नांदूरमधमेश्वरला, नाहीतर गंगापूर धरणाकडे. डिसेंबर २०२२ मध्ये माझ्या पुतण्याने आमच्यासाठी मॅस्टोडॉनचा सर्व्हर उभा केला. आज ३४० खाती आहेत, रोज बोलणारे नव्वदएक. महिन्याचा खर्च साडेतीन हजार, तो आम्ही तिघं मिळून देतो. आता एका कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. सर्व्हर आमच्याकडे द्या, खर्च आमचा, तुमचं नाव तसंच राहील, तुम्हीच त्याचे प्रमुख, वर एकरकमी सहा लाख. पुतण्या म्हणतो, देऊन टाकू, लोकांना काही फरक पडणार नाही. मला झोप लागत नाही. काय करू? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : सर, झोप लागत नाही ते बरंच आहे. सहा लाखांकडे नंतर येते. आधी एक कागद शोधा. तुमच्या सर्व्हरच्या पत्त्याची, म्हणजे डोमेनची, नोंदणी कुणाच्या खात्यावर आहे? पुतण्याच्या असणार. होस्टिंगचं, म्हणजे सर्व्हरच्या भाड्याचं, खातं? तेही त्याचंच. बॅकअप कुठे जातो, ते बहुधा त्यालाच ठाऊक. म्हणजे ३४० जणांच्या वस्तीचा सातबारा एका मुलाच्या नावावर आहे. मुलगा चांगला आहे यात मला शंका नाही. पण सातबाऱ्यावर स्वभाव लिहीत नाहीत.

मी सांगलीत एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात सत्तावीस वर्षं काढली. त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की मी आधी नमुना सही शोधते, ही माझी खोड समजा. पण 'लोकांना काही फरक पडणार नाही' हे वाक्य वाचून मला फ्रीनोड आठवलं, आणि ती गोष्ट जरा सविस्तर सांगावीशी वाटते.

इंटरनेटवर गप्पा मारायची आयआरसी नावाची एक फार जुनी पद्धत आहे. नुसता मजकूर. फोटो नाहीत, लाइक नाहीत. खुल्या, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा, सॉफ्टवेअरवर काम करणारे जगभरचे लोक फ्रीनोड नावाच्या आयआरसी जाळ्यावर वर्षानुवर्षं जमायचे. विकिपीडियाची मंडळी तिथे, उबुंटू या मोफत संगणकप्रणालीची तिथे. सर्व्हर लोकांनी दिलेले, चालवणारे सगळे स्वयंसेवक. मध्ये परिषद वगैरे भरवायच्या निमित्ताने इंग्लंडात एक कंपनी काढली गेली, फ्रीनोड लिमिटेड. २०१७ मध्ये ती अँड्र्यू ली या उद्योजकाकडे गेली. स्वयंसेवकांची समजूत अशी, की रोजच्या कारभाराशी त्या कंपनीचा काही संबंध येणार नाही. चार वर्षं गेली. २०२१ मध्ये मालकीचा वाद पेटला आणि १९ मे रोजी स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे देऊन लिबेरा चॅट नावाचं नवं जाळं सुरू केलं, या खेपेला स्वीडनमध्ये नोंदलेल्या ना-नफा संस्थेच्या नावावर. पुढच्याच आठवड्यात, फ्रीनोडवरच्या ज्या शेकडो गप्पाखोल्यांच्या दारावर लिबेराचा उल्लेख असलेली पाटी होती, त्या खोल्या नव्या व्यवस्थापनाने ताब्यात घेतल्या. जूनमध्ये सॉफ्टवेअर बदललं गेलं आणि लोकांनी वर्षानुवर्षं नोंदवून ठेवलेली नावं नि खोल्या पुसल्या गेल्या.

सॉफ्टवेअर खुलं होतं. सर्व्हर देणगीतले होते. माणसं तर एकजात निष्ठावान. गेलं ते एका नावावरून, आणि ते नाव कुठल्या कागदावर आहे याकडे कुणी चार वर्षं पाहिलं नव्हतं.

त्या मंडळींचं नशीब इतकंच, की आयआरसीवर पत्ता बदलला की बिऱ्हाड हलतं. विकिपीडियावाले आणि उबुंटूवाले बघता बघता लिबेरावर गेले. मॅस्टोडॉनवर ते तितकं सोपं नाही, सर. इथे प्रत्येकाच्या नावाला डोमेनची शेपटी असते आणि एकदा लावलेलं डोमेन सर्व्हरला पुढे धडपणे बदलता येत नाही. एखाद्याला दुसऱ्या सर्व्हरवर जायचं असेल तर अनुयायी सोबत नेता येतात, पण जुना सर्व्हर जिवंत असेल आणि त्याचा चालक अडवणार नसेल तरच. आणि जुने लेख नेता येतच नाहीत, ते जुन्या घरातच राहतात. तुमच्या सभासदांनी तीन वर्षांत लिहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी त्यात आल्या.

आता सहा लाख कशाचे, ते बघू. महिना साडेतीन हजारांचं यंत्र कुणीही भाड्याने घेतं, त्यासाठी तुमच्या घरचा चहा प्यायला कुणी येत नाही. तो माणूस माहितीसाठा विकत घेतो आहे. त्यात ३४० लोकांचे ईमेल आहेत, आणि कोण कुणाचं वाचतं त्याचा नकाशा आहे. मॅस्टोडॉनवरचे खासगी निरोप दोन माणसांपुरते कुलूपबंद नसतात. सर्व्हर ज्याच्या हातात, त्याला ते वाचता येतात. 'फक्त अनुयायांसाठी' म्हणून लिहिलेलंही तिथेच पडलेलं असतं. तुम्ही मूळ पत्रात एक ओळ लिहिली होती, ती मी मुद्दाम छापलेली नाही, पण तुम्हाला आठवण करून देते: घरट्यांच्या जागा तुमच्यात कशा कळवल्या जातात? कॅमेरेवाल्यांची झुंबड उडू नये म्हणून तुम्ही त्या जाहीर करत नाही, बरोबर? मग त्या कुठे लिहिता? सहा लाखांत त्याही गेल्या.

आता माझी फजिती, म्हणजे मी शहाणपणा शिकवते आहे असं वाटायला नको. आमचा सांगलीचा सर्व्हर सुरू झाला तेव्हा डोमेन घेतलं ते आमच्यातल्या एका मुलाने, स्वतःच्या कार्डावर. तो पुढे कॅनडाला गेला. कार्डाची मुदत संपली. नूतनीकरणाच्या आठवणी त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर जात राहिल्या आणि तो पत्ता कॉलेजने केव्हाच बंद केला होता. एका मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन बसले, सर्व्हर उघडला, तर समोर चपलांची जाहिरात. माझा आधी समज, माझ्याच मोबाइलला काहीतरी झालंय. तिकडे त्याची मध्यरात्र, फोन बंद. पैसे भरायला मी तयार, पण खातं माझं नाही म्हणून माझे पैसे कुणी घेईना. नऊ दिवस गेले. सवलतीची मुदत उलटली असती तर ते नाव जगात कुणालाही विकत घेता आलं असतं, आणि मग आमच्या प्रत्येकाच्या नावामागे कुणा भलत्याचंच आडनाव लागलं असतं.

नावाचा शेवट कोणता घेता तेही बघा. क्वीअर डॉट एएफ नावाचा एक मॅस्टोडॉन सर्व्हर होता. डॉट एएफ म्हणजे अफगाणिस्तान. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या सरकारने ते डोमेन रद्द केलं, विषय संपला. चटपटीत दिसतं म्हणून परक्या देशाची शेपटी लावून घेऊ नये, असं माझं मत आहे.

तर करायचं काय? सात माणसं गोळा करा, नव्वदांत मिळतील. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवा. आपल्याकडे ती धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी सार्वजनिक न्यास म्हणूनही चढते. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर करा. न्यासाची स्थावर मिळकत विकायची तर आयुक्तांची आधी परवानगी लागते. पण डोमेन ही काही स्थावर नाही, त्यामुळे ही आडकाठी तुम्हालाच घटनेत लिहून ठेवावी लागेल. आम्ही लिहिलेलं कलम देते, हवं तर जसंच्या तसं उचला: 'डोमेन, माहितीसाठा व बोधचिन्ह यांची विक्री, हस्तांतरण, भाडेपट्टा अथवा तारण, एकूण सभासदांच्या तीन चतुर्थांश संमतीवाचून व नव्वद दिवसांच्या नोटिशीवाचून करता येणार नाही, नोटिशीच्या काळात सर्व्हर चालू ठेवला जाईल.' शेवटचे शब्द महत्त्वाचे, कारण निघून जाणाऱ्याला अनुयायी न्यायचे असतील तर जुनं घर उभं लागतं. नव्वद दिवस मी मनाने काढलेले नाहीत. मॅस्टोडॉन आपल्या संकेतस्थळावरच्या यादीत सर्व्हर घेताना जे वचन मागतं, त्यात बंद करण्याआधी तीन महिन्यांची सूचना, रोजचा बॅकअप आणि किमान आणखी एका माणसाकडे तातडीच्या किल्ल्या, हे आहेच.

असा कागद उपयोगी पडतो का? पडतो. २०१९ च्या नोव्हेंबरात, संस्था नि मंडळं वापरतात त्या डॉट ओआरजी नावांची सगळी नोंदवहीच विकायचा सौदा झाला होता. घेणार होती इथॉस कॅपिटल नावाची गुंतवणूक कंपनी, १.१३५ अब्ज डॉलरला. विकणारी संस्था ना-नफाच होती, हे विशेष. पण करारात एक अट होती: मालकी बदलायची तर आयकॅनची, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेची, संमती हवी. जगभरच्या संस्थांनी बोंब ठोकली आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने संमती नाकारली. बोंब ठोकायला वेळ आणि जागा मिळाली ती त्या एका अटीमुळे.

पुतण्यावर रागावू नका. तीन वर्षं रात्री-बेरात्री उठून त्याने सर्व्हर सांभाळला, तो फुकटात. त्याला मानधन द्या. नव्वद जणांनी महिना शंभर काढले तर नऊ हजार होतात. कंपनीच्या माणसाला सांगा, विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवतो. हे ऐकलं की बरेच जण पुन्हा येत नाहीत.

प्रश्न : मॅस्टोडॉनचा कोड खुला आहे म्हणता. मग उद्या एखादी कंपनी तोच उचलून स्वतःचं दुकान काढेल. आयत्या बिळावर नागोबा! हे थांबवणार कसं? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, तासगाव)

उत्तर : उचलेल की. उचललाही आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीचं ट्रूथ सोशल दिसू लागलं तेव्हा लोकांनी लगेच ओळखलं, आत मॅस्टोडॉन आहे. उचलण्याला मनाई नाही. पण मॅस्टोडॉनचा परवाना एजीपीएल आहे. त्याची अट अशी, की तुम्ही हा कोड बदलून लोकांना नेटवर वापरायला दिलात, तर तुमचा बदललेला कोडही त्या लोकांना द्यायचा. तो दिला नव्हता. मॅस्टोडॉनने नोटीस काढली, आणि नोव्हेंबरात ट्रूथ सोशलच्या संकेतस्थळावर कोडची फाइल मुकाट चढली. साधा ढिला परवाना असता तर एवढंही झालं नसतं. तू स्वतः काही लिहिणार असशील तर परवाना निवडताना हे लक्षात ठेव. 'नंतर बघू' म्हणणारे नंतर बघत नाहीत.

दुसरी गोष्ट गॅबची. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या त्या अतिउजव्या साइटने मॅस्टोडॉनचा कोड घेतला आणि एका दिवसात खात्यांच्या संख्येने ती या जाळ्यातली सगळ्यात मोठी झाली. बाकीच्या बहुतेक सर्व्हरांनी तिला दार लावलं. मोबाइलच्या काही ॲपवाल्यांनीही लावलं. पुढच्या वर्षी गॅबने जोडणीच काढून टाकली. तेव्हा बिळ आयतं मिळालं तरी शेजार आयता मिळत नाही.

प्रश्न : मी पुण्यात ज्या सर्व्हरवर आहे तिथे भांडण लागलंय. मेटाचं, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीचं, थ्रेड्स हे समाजमाध्यम आता मॅस्टोडॉनशी जोडलं जातं. माझं म्हणणं, बरं झालं, माझी बहीण थ्रेड्सवर आहे, तिचं मला इथून वाचता येईल. आमचे ॲडमिन म्हणतात, ब्लॉकच करायचं, 'भटाला दिली ओसरी' होईल. आणि गुगल टॉकचा दाखला देतात. ती इतकी जुनी गोष्ट आज कशाला? (आयटीवाली, कोथरूड)

उत्तर : दाखला जुना आहे, पण पुरता कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

१९९९ मध्ये जेरेमी मिलर या अमेरिकी तरुणाने जॅबर काढलं. ईमेलसारखंच, पण तत्काळ निरोपांसाठी: माझा सर्व्हर वेगळा, तुझा वेगळा, तरी गप्पा होतात. पुढे त्याच्या नियमांना एक्सएमपीपी हे नाव मिळालं आणि ते इंटरनेटचं रीतसर मानक झालं. ऑगस्ट २००५ मध्ये गुगल टॉक आलं, ते यावरच बांधलेलं. जानेवारी २००६ मध्ये गुगलने बाहेरच्या सर्व्हरांसाठी दार उघडलं. जॅबरवाल्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. लहान सर्व्हरवाल्याच्या यादीत बघता बघता बहुतेक माणसं जीमेलची झाली. मे २०१३ मध्ये गुगलने हँगआउट्स आणलं आणि त्यात बाहेरच्यांसाठी दार ठेवलं नाही.

गुगलने जॅबर मारलं, असं सरसकट म्हणतात, ते मला अर्धवट वाटतं. एक्सएमपीपी आजही चालू आहे. व्हॉट्सॲपच्या पोटातसुद्धा त्याचंच बदललेलं रूप आहे, फक्त खिडक्या बुजवलेल्या. खरा घोटाळा असा, की गुगल टॉक वापरणाऱ्या बहुसंख्य लोकांना आपण जॅबरवर आहोत हेच कधी माहीत नव्हतं. त्यामुळे दार बंद झालं तेव्हा त्यांच्याकडे काही मोडलं नाही. मोडलं ते या बाजूला. मूठभर लोक एकीकडे आणि त्यांची सगळी मित्रमंडळी दुसरीकडे. विकत काहीच घेतलं गेलं नाही, सहीसुद्धा लागली नाही.

आता आजचं बघा. थ्रेड्स जुलै २०२३ मध्ये आलं आणि पाच दिवसांत १० कोटी खाती झाली. मॅस्टोडॉनवर महिन्याकाठी फिरकणारे लोक तेव्हा मोजायला गेलं तर दहा-वीस लाखांच्या घरात होते. डिसेंबर २०२३ मध्ये थ्रेड्सने जोडणीची चाचणी सुरू केली, मार्च २०२४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि जपानमधल्या लोकांना ती स्वतःहून चालू करायची सोय दिली. थ्रेड्स यायच्या आधीच शेकडो ॲडमिननी 'आम्ही मेटाला जोडणार नाही' अशी शपथ घेतली होती. तुमचे ॲडमिन त्यांच्याच पंथातले दिसतात. त्यांची भीती खोटी नाही.

पण आम्ही ब्लॉक केलं नाही. सभा घेतली, दोन तास वाद झाला, एकजण उठून गेला (आठवड्याने परत आला), आणि 'मर्यादित' हा मधला पर्याय निवडला. म्हणजे थ्रेड्सवरचे लेख आमच्या चव्हाट्यावर येत नाहीत. ज्याला बहिणीचं वाचायचं त्याने तिला शोधून जोडून घ्यायचं, तिचं तेवढं दिसतं. पूर्ण ब्लॉक केलं की आधी जुळलेले धागेही तुटतात, ते मला नको होतं. हे बरोबरच आहे असा माझा दावा नाही. माझी कसोटी एकच: उद्या मेटाने दार लावलं तर आमच्या सर्व्हरवर संध्याकाळी बोलायला कोण उरेल? आज तरी पुरेशी माणसं उरतात. कुणाची पूर्ण यादीच तिकडची व्हायला लागली की सभा पुन्हा बोलावू. आणि कुठल्याही कारणासाठी 'थ्रेड्सवर असं दिसतं, म्हणून आपणही तसं करू' असं सुरू झालं की सावध व्हायचं. जॅबरवाले तिथेच फसले. सात वर्षं त्यांनी गुगलच्या तोंडाकडे बघत काढली.

तुमच्या ॲडमिनना एवढंच विचारा, ब्लॉकचा निर्णय सभेत झाला की त्यांच्या लॅपटॉपवर? उत्तर लॅपटॉप असेल, तर मला मेटाआधी त्याची काळजी वाटते.

प्रश्न : ऑर्कुटवर आमचा पाककृतींचा मोठा गट होता. सगळं गेलं. आता मुलगी म्हणते ब्लूस्काय नावाचं ट्विटरसारखं समाजमाध्यम घे, ते कुणाच्या मालकीचं नाही. खरं का? (न्यू जर्सी)

उत्तर : ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, तुमच्यासारखी पत्रं मला अजून येतात, आणि बहुतेकांत एखादी आमटी हरवलेली असते.

ब्लूस्काय कुणाच्या मालकीचं नाही हे खरं नाही. ती कंपनी आहे. 'लोकहितार्थ' नोंदलेली, पण कंपनीच, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने गुंतवणूकदारांकडून दीड कोटी डॉलर घेतले आहेत. गुंतवणूकदार पाककृती वाचायला येत नाहीत. तिथली एक सोय मात्र मला मॅस्टोडॉनपेक्षा आवडते: स्वतःचं डोमेन असेल तर तेच तुमचं नाव होतं, आणि लेखही दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची तरतूद आहे. जायचं असेल तर जरूर जा, पण स्वतःचं डोमेन घेऊन. मॅस्टोडॉनवर असाल तर दर आठवड्याला आपल्या लेखांची पूर्ण प्रत उतरवून घेता येते, सेटिंग्जमध्ये जाऊन. आणि पाककृती वहीत लिहा हो.

प्रश्न : बाई, तुमचं सगळं गाडं येऊन सहकारावर थांबतं. एक सभासद, एक मत वगैरे. साखर कारखानेही सभासदांचेच होते ना? ऊसबिलातून कापून आमच्या वडिलांची ठेव घेतली. आज कारखाना लिलावात निघून खासगी झाला आणि गेटवर आम्हाला आत सोडत नाहीत. कंपनी बाहेरून येत नाही, चेअरमनच घेऊन येतो. (शेतकरी, पत्ता देऊ नये)

उत्तर : या पत्राला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही, हे आधीच कबूल करते. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हाही मत एकेकच होतं, आणि तुमच्या कारखान्यातही एकेकच असणार. मतं होती तरी कारखाने गेले.

बँकेत असताना मी अवसायनात निघालेल्या संस्थांची दप्तरं पाहिली आहेत. त्यांच्या इतिवृत्तांत एक गोष्ट सारखी सापडायची: शेवटची पाच-सहा वर्षं प्रत्येक ठरावाला तोच सूचक, तोच अनुमोदक, आणि 'सर्वानुमते मंजूर'. आणि कर्ज. कर्जाला तारण लागतं, तारण लिलावात निघतं. म्हणून आमच्या पोटनियमांत कर्ज काढायलाच बंदी आहे. सर्व्हर परवडला नाही तर फोटोंची मर्यादा कमी करू. सहकार कायद्यातली एक तरतूद मात्र मला आजही आवडते. संस्था अवसायनात निघाली तर देणी भागवून उरलेली शिल्लक सभासदांना आपसांत वाटून घेता येत नाही. म्हणजे मोडून खाण्यात कुणाचा फायदा नको. आमची संस्था त्या कायद्याखाली नाही, तरी हे कलम आम्ही उतरवून घेतलं.

तुमचा चेअरमनचा मुद्दा मॅस्टोडॉनलाही लागू होतो. ते लिहिलं २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगन रोख्को या तरुणाने. कोड खुला, पण मॅस्टोडॉन हे नाव आणि निर्णय त्याच्या हाती होते. २०२२ अखेरीस, मस्क यांनी ट्विटर घेतल्यावर इकडे लोंढा आला, तेव्हा अमेरिकी गुंतवणूकदारांचे पाचाहून जास्त प्रस्ताव आपण नाकारल्याचं त्याने सांगितलं. आम्ही सगळ्यांनी वा वा केलं. मला मात्र तेव्हा धडकीच भरली होती: नाकारणारा माणूस एकच आहे! जानेवारी २०२५ मध्ये त्यानेच जाहीर केलं की मालकी एका ना-नफा संस्थेकडे जाईल, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रमुखपद सोडलं. असे चेअरमन आपण फार पाहिलेले नाहीत. सोशल डॉट कूप नावाचा सर्व्हर तर २०१७ पासून सभासदांच्या वर्गणीवर आणि मतांवर चालतो. पण जपानमधला पावू हा मॅस्टोडॉन सर्व्हर बघा: २०१७ मध्ये पिक्सिव्ह कंपनीने सुरू केला, लाखो खाती झाली, २०१९ मध्ये तो दुसऱ्याकडे गेला आणि २०२२ संपताना परत विकला गेला. खातेदारांना प्रत्येक वेळी बातमीच मिळाली, मतपत्रिका नाही.

आमचं म्हणाल, तर मागच्या महिन्यात वार्षिक सभा झाली. सभासद ६१, गणपूर्तीला २१ हवेत, वाचनालयाच्या खोलीत आले १४. नियमाप्रमाणे सभा तहकूब केली आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरवली. तोवर चहा झाला आणि चौदाचे तेरा झाले. विषय क्रमांक ४ होता, डोमेनच्या दुसऱ्या किल्लीचा धारक नेमणे. किल्ली म्हणजे एका पाकिटात लाखेने बंद केलेले सांकेतिक आकडे. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तरुण मंडळी म्हणाली, आम्ही भाड्याने राहतो, कागद हरवेल. शेवटी मिरजेच्या एका निवृत्त परिचारिकेने हात वर केला. म्हणाल्या, 'कपाटात लुगड्यांच्या खाली ठेवीन, ते कपाट कोणी उघडत नाही. पण मी काय सांभाळतेय, ते मला नीट समजलं पाहिजे. नुसती सही करणार नाही.'

त्या रविवारी मी मिरजेला जाऊन आले. तीन तास लागले. त्यांनी वहीत सगळं उतरवून घेतलं, आणि जाताना मला विचारलं, 'पहिली किल्ली तुमच्याकडे आहे ना? मग तुम्हाला काही झालं तर मी फोन कुणाला करायचा?' तो नंबर अजून ठरायचा आहे.